पंख्याचा सांधा

विमान म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढं काय काय येतं! चंद्रभान आणि मधुकरनं बांधलेलं विमान दाखवलं असतं, तर ते सगळं जागच्या जागी विरलं असतं. नागपूरबाहेर हिंगण्याच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये दोघांनी वर्षानुवर्षं खपून ते उभं केलं होतं. इंजिन जुन्या मोटारीचं, चाकं स्कूटरची, पंखांवर कापड ताणलेलं. लोक हसायचे. हसोत बापडे! हे दोघं पन्नाशीतले शाळूसोबती रविवार उजाडला की सायकली मारत तिकडं पळायचे. चंद्रभान तंत्रशाळेत सुतारकाम शिकवायचा. मधुकरचं सीताबर्डीला घराला लागूनच पंपांच्या मोटारींचं दुकान होतं, आणि तरुणपणी तो विमान चालवायला शिकलेला होता. तेव्हा वाटणीही सरळ झाली. लाकूड तुझं, लोखंड माझं, आणि बसणार मी, असं मधुकरनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात तो बसला आणि घात झाला. परवानगी होती फक्त जमिनीवर पळवून पाहायची. पळता पळता विमान पुरुषभर उचललं, चंद्रभाननं आनंदानं खांद्यावरचा दुपट्टा हवेत फिरवला, आणि फाडकन आवाज झाला. पुढच्या लाकडी पंख्याचं एक पातं सुटून कुठल्या कुठं गेलं. उरलेल्या पात्यानं इंजिन असं काही गदगदवलं की विमान नाकावर आपटलं. मधुकरचा जीव वाचला, पण उजव्या पायाचा चुरा झाला. आता काठीशिवाय चालणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

चौकशीला विमानखात्याचा एक साहेब आला. उन्हानं लाल झालेला, सारखा घड्याळ पाहणारा. त्यानं तुटक्या लाकडाला बुटानं ढोसलं, "लाकडी पंखा ना? सांधा सुटला असेल," असं म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. झाली चौकशी!

पण ते वाक्य चंद्रभानच्या काळजात रुतून बसलं. पंखा त्याच्या हातचा होता. सागाच्या फळ्या एकीवर एक, पाण्यात न विरघळणाऱ्या विलायती सरसानं चिकटवून, मग तासून त्यानं तो घडवला होता. साग तेलकट, सरस लवकर धरत नाही, हे तो स्वतःच पोरांना शिकवायचा. तरी बल्लारशाचा सागच पाहिजे म्हणून हट्ट त्यानंच धरला होता. आणि आता मधुकर त्याला भेटत नव्हता.

"झोपले आहेत, भाऊजी," मधुकरची बायको इंदुताई दारातच सांगायची. सकाळी गेलं तरी झोपलेले, संध्याकाळी गेलं तरी झोपलेले. माणूस झोपतो तरी किती! इंदुताई बोलताना त्याच्याकडं पाहायची नाही, आणि आत खाट करकरल्याचं चंद्रभानला नीट ऐकू यायचं. तो "बरं वहिनी" म्हणून सायकल वळवायचा.

सक्करदऱ्याला त्याच्या स्वतःच्या घरी तरी कोण होतं? त्याची बायको सुभद्रा माघात काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. दिवसच्या दिवस जायचे आणि त्याच्या तोंडून शब्द निघायचा तो दूधवाल्याशी. एवढ्या मोठ्या नागपुरात आपण एकटे पडलो, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. एक मधू होता, आणि त्याचा पाय आपल्याच हातानं गेला की काय? हे त्याला कळायलाच हवं होतं. होय तर होय, नाही तर नाही, पण कळायला हवं होतं.

म्हणून त्यानं आधी सुटलेलं पातं शोधायला घेतलं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून तो माळावर आणि आजूबाजूच्या शेतांत हिंडायचा. तुरीच्या खुंटांनी पायांची चाळण झाली. वाटेत भेटणारी माणसं काय हरवलं म्हणून विचारायची आणि उत्तर ऐकून जरा लांबूनच जायची. शेवटी पातं सापडलं कवडू नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात. त्यानं ते दाराला टेकू म्हणून लावलं होतं!

"म्या म्हटलं, काही कामाचं लाकूड दिसते," कवडू म्हणाला. "तुमचं हाय काय?"

"माझंच," चंद्रभान म्हणाला, आणि त्यानं पातं काढून खांद्यावर घेतलं.

घरी आणून त्यानं ते अंगणात ठेवलं आणि एकेका थरावरून नख फिरवलं. पातं मुळाशी तुटलं होतं, पण तुटताना लाकूड उभं फाटलं होतं. सांध्याची रेघ जागच्या जागी होती. तेवढ्यावर त्याचं समाधान होईना. त्यानं एक तुकडा कापला, सुभद्राचा मोठा गंज पाण्यानं भरून स्टोव्हवर चढवला आणि तुकडा त्यात उकळायला टाकला. सरस नीट धरला नसता तर थर सुटून वर तरंगले असते. दुपारभर पाणी खदखदत राहिलं, त्यात तो भर घालत राहिला. मग चिमट्यानं तुकडा काढून पटाशीनं उकलायला गेला, तर लाकूड तुटलं पण सांधा हलला नाही.

"सुटला नाही वं सांधा!" तो मोठ्यानं ओरडला. मग घर रिकामं असल्याचं त्याच्या ध्यानात आलं, आणि तो चिमटा हातात धरून तसाच उभा राहिला.

सांधा नाही, तर मग काय? दुसऱ्या दिवशी त्यानं शेड गाठलं. विमान पडल्यापासून तो आत गेला नव्हता. विमानाचं चेपलेलं नाक कोपऱ्यात पडलं होतं. पंख्याचा मधला ठोकळा अजून इंजिनाच्या दांड्यावरच होता. समोर लोखंडी चकती आणि चकतीवर गोल बसलेले सहा नट. आणि प्रत्येक नटावर शेंदूर.

दसऱ्याला शस्त्रं पुजतात, तशी गेल्या दसऱ्याला सुभद्रानं इथं येऊन विमानाची पूजा केली होती. बाकी सगळीकडं हळदकुंकू, पण पंख्याला मात्र शेंदूर. उडणाऱ्याचा देव मारुतीच, दुसरा कोण, असं तिचं म्हणणं. जवसाच्या तेलात कालवून तिनं प्रत्येक नटावर बोट ओढलं होतं, नटावरून खाली चकतीपर्यंत. जवसाच्या तेलातला तो शेंदूर वाळून रंगासारखा घट्ट झाला होता. बोटाच्या रेषासुद्धा दिसत होत्या.

मग त्याच्यातला सुतार जागा झाला. नटावरून चकतीवर गेलेला शेंदराचा पट्टा कुठंही तडकलेला नव्हता. म्हणजे दसऱ्यापासून या नटांवर कोणी पाना फिरवलाच नव्हता! त्यानं चकती हलवली. ती खडखडली. पंखा घडवला श्रावणात, लाकूड ओलं दमट. नागपूरच्या चैत्रात तेच लाकूड आकसणार, बोल्ट ढिले पडणार. म्हणून ते मधून मधून आवळायचे असतात, नाही तर पंखा डळमळून पातं मुळाशी तुटतं. आणि ते काम मधुकरचं होतं. लोखंड माझं!

चंद्रभानला आधी हायसं वाटलं, आणि लगेच संताप आला. असा संताप त्याला कित्येक वर्षांत आला नव्हता. ठोकळ्यामागचा मोठा नट काढून, ते सहा नट न हलवता त्यानं सगळा ठोकळाच उतरवला, दुपट्ट्यात बांधला आणि भर उन्हात सायकल सीताबर्डीला हाणली.

"झोपले आहेत, भा—"

"उठवा त्याले," असं म्हणत तो सरळ आत शिरला.

मधुकर खाटेवर उशीला टेकून बसला होता. पाय प्लास्टरमध्ये, दाढी वाढलेली. चंद्रभाननं दुपट्टा त्याच्यापुढं सोडला.

"साहेब म्हणाला सांधा सुटला. तुले वाटलं का सुटला म्हणून?"

मधुकरनं मान हलवली. नाही.

"तुले माहीत होतं! मी मरून राहिलो तिकडं, रोज दारातून परत जाऊन राहिलो, आणि तुले माहीत होतं? काहून नाही आवळले गा नट?"

"आवाज कमी कर, चंद्रभान."

"नाही करत! काहून नाही आवळले?"

मधुकरनं ठोकळा वळवून शेंदराची बाजू वर केली. मग म्हणाला, "वहिनी गेल्या, त्याच्यानंतर तू शेडवर यायचा तर आधी काय करायचा, आठवते?"

"सायकल लावायचो."

"सायकल लावायचा आणि पंख्यापाशी जाऊन उभा राहायचा. एकेका नटावर बोट ठेवायचा. तुले वाटे मी इंजिनात डोकं घालून हाओ, मले काही दिसत नाही. मले सगळं दिसे गा." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी दोनदा पाना लावला. फिरवला असता तर शेंदूर फुटला असता. तिच्या हाताचं तेवढंच राहिलं होतं तुझ्याजवळ. म्हटलं, पुढच्या रविवारी पाहू. पुढच्या रविवारी म्हटलं, एवढ्यानं काय होते."

आपण तसं करायचो, हे चंद्रभानलाही आजच कळत होतं.

"मग मले आत काहून नाही घेतलं?"

"तू विचारलं असतं, आणि मले सांगा लागलं असतं. तुले वाटलं असतं, वहिनीच्या पूजेपायी झालं. लोक सांधा सुटला म्हणून राहिले तर म्हणू दे म्हटलं. चुकलंच माझं. तुझ्या हाताचं नाव खराब होऊ दिलं मी."

इंदुताई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. बाहेर रस्त्यावर रिक्षावाले एकमेकांना शिव्या घालत होते.

"खोलून पाहावं लागते," शेवटी चंद्रभान म्हणाला. "चकतीखालचं लाकूड घासून जळलं असन, तर बोल्टच ढिले होते. खोलल्याबिगर पक्कं नाही होत."

"नको खोलू. मी म्हणतो ना, माझी चूक."

"नाही. पक्कं झालं पायजे."

इंदुताईनं दुकानातून पाना आणून दिला. चंद्रभाननं तो पहिल्या नटाला लावला. हात चालेना. पुन्हा लावला, पुन्हा चालेना. मग त्यानं पाना मधुकरपुढं धरला.

"तू खोल. लोखंड तुझं होतं."

मधुकरनं ठोकळा मांडीवर ओढला आणि पाना दाबला. कट्ट झालं. शेंदराचा पापुद्रा उडून पांढऱ्या चादरीवर पडला. पुढं तर पान्याची गरजही लागली नाही. नट बोटानंच फिरला, इतका तो ढिला होता. मग दुसरा, मग तिसरा. चंद्रभान डोळे न मिटता पाहत राहिला. सगळे निघाल्यावर मधुकरनं चकती उचलली. खालचं लाकूड कोळशासारखं काळं होतं, आणि बोल्टांची भोकं लांबट झाली होती.

"सांधा नव्हता," मधुकर म्हणाला. "तुझा हात नव्हता, चंद्रभान."

"नव्हता," चंद्रभान म्हणाला, आणि मधुकरच्या चांगल्या पायावर डोकं ठेवून तो, सुभद्रा गेली तेव्हाही रडला नव्हता इतका रडला. मधुकरही रडत होता. इंदुताईनं हळूच दार लोटून घेतलं.