इजेपुरती हमी

लूने मानेवर वस्तरा टेकवला होता, तेवढ्यात एमिल हव्रिलाच्या खिशातला फोन वाजला.

"हलू नकोस," लू म्हणाला. "सत्तर वर्षं जपलेली मान आहे."

एमिलने मान न हलवता फोन काढून नाव वाचले. मुलाचे होते. मंगळवार हा खेळाडूंचा सुटीचा दिवस, आणि डेरेक सुटीच्या दिवशी सकाळी दहाला कधीच फोन करत नसे. तेव्हा तो झोपलेला असतो, अशी निदान त्याच्या आईची समजूत होती.

सलूनच्या काचेवर मार्च महिन्यापासून "९ कोटी!" असे लाल रंगात लिहिलेले होते. गावातला पोरगा आठ वर्षं राखीव म्हणून बसून शेवटी अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ चालवणारा गडी झाला, तीन वर्षांचा नऊ कोटी डॉलरचा करार झाला, आणि ओहायोतल्या त्या गावाने तो आकडा स्वतःलाच मिळाल्यासारखा साजरा केला. पाद्रीबुवांनी भर प्रवचनात, चर्चच्या गळक्या छपराकडे पाहत अभिनंदन केले. करार वाचलेला माणूस गावात एकच होता. एमिलने तो पट्टी ठेवून तीनदा वाचला होता. तरुणपणी पोलादाच्या कारखान्यात तो युनियनच्या तक्रार समितीवर होता. पुढे कारखाना गेला, एमिल शाळेच्या बॉयलरवर लागला, पण कागद वाचायची खोड गेली नाही.

या धंद्यात खेळाडूला तीन कारणांनी घरी पाठवतात: तो खराब खेळला, संघाच्या खर्चाची मर्यादा संपली, किंवा त्याला इजा झाली. तिन्ही कारणांवर हमी असेल तेच पैसे, उरलेले बातमीदारांसाठी. डेरेकच्या पहिल्या वर्षाच्या दोन कोटी ऐंशी लाखांना तिन्ही हमी होत्या. दुसऱ्या वर्षाच्या दोन कोटी चाळीस लाखांना फक्त इजेची. येत्या मार्चच्या ठरल्या तारखेला तो संघात असला, तर त्यांनाही तिन्ही हमी लागू व्हायच्या. तिसऱ्या वर्षाला कसलीच हमी नव्हती; ते काचेवर रंगवण्यापुरते होते.

म्हणजे मार्चआधी डेरेकचा गुडघा मोडून तो डॉक्टरी तपासणीत नापास झाला, तर संघाने दोन कोटी चाळीस लाख मोजायचे. आणि तो धडधाकट राहिला, तर त्याला फुकटात काढता यायचे. मोडका माणूस महाग, धड माणूस स्वस्त. माणूस पडू नये म्हणून मालकाने इतका जीव टाकावा, असा करार एमिलने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

फोनवर डेरेकने जे सांगितले ते ऐकून एमिलला काही नवल वाटले नाही. संघ पंधरापैकी नऊ सामने हरला होता. दोन उरले होते, तेही नावापुरते. जनरल मॅनेजरने डेरेकला बोलावून कॉफी दिली, घरच्यांची चौकशी केली आणि एक कागद पुढे सरकवला. एकच ओळ होती. इजेची हमी सोडली तर दोन्ही सामने खेळ, शेवटचा घरच्या मैदानावर. नाही तर बाकावर बस. आम्हांला तो नवा राखीव पोरगा खेळवून बघायचाच आहे. एजंट म्हणाला होता, हात लावू नकोस.

"मी सही करणार आहे, डॅड," डेरेक म्हणाला. "आठ वर्षं टोपी घालून दुसऱ्याचा खेळ बघितला. आता कुठे संघ माझा झालाय."

एमिल गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट उठला. अर्ध्या मानेवर साबण तसाच होता.

"एकच ओळ आहे ना?"

"हो."

"मलाही एकच ओळ दिली होती."

मग त्याने मुलाला ते सांगितले, जे त्याने बायकोलाही धड सांगितले नव्हते. ब्याऐंशी साली कारखाना बंद पडायच्या बेतात होता. मालकांनी समितीला बोलावले, कॉफी दिली. कामगारांनी कारखाना बंद झाल्यावर मिळणारी भरपाई सोडावी, म्हणजे भट्टी चालू राहील. एमिल समितीवर सर्वांत तरुण होता आणि सर्वांचा आवडता होता, म्हणून कागद त्याच्याच हातात दिला. त्याने आधी स्वतः सही केली, मग दारोदार फिरला. दोनशे बारा सह्या. अकरा महिन्यांनी फाटकाला कुलूप लागले आणि भरपाई मागायला कोणाला तोंड राहिले नाही.

"माझी सही सगळ्यांत वर होती," एमिल म्हणाला. "ती बघूनच खालच्यांनी केल्या. तुझी बघितल्यावर तो माणूस हाच कागद उद्या कोणापुढे ठेवेल? तुझ्यापुढे लाइनमध्ये धक्के झेलणाऱ्या त्या पोरांपुढे, ज्यांचे गुडघे खरंच मोडतात."



"लोक म्हणतील, पैशासाठी बसला."

"म्हणतील."

"आणि मला खरं सांगता यायचं नाही. संघाचं घरातलं बाहेर बोलायचं नसतं."

"मग गप्प बस. पण सही न करता गप्प बस."

एमिल पुन्हा खुर्चीत बसला. लूने साबण नव्याने फेसला, खरे तर गरज नसताना.

"दोनशे बारावी माझी," तो म्हणाला. "माझ्या घरच्या पायरीवर. तू पेनसुद्धा घेऊन आला होतास."

चाळीस वर्षांत लूने हा विषय काढला नव्हता, आणि चाळीस वर्षं दर तीन आठवड्यांनी एमिलने त्याच्या वस्तऱ्याखाली मान दिली होती.

"माहीत आहे," एमिल म्हणाला.

"मान खाली कर."

डेरेकने सही केली नाही. संघाने जाहीर केले की नव्या खेळाडूला संधी देण्यात येत आहे. रेडिओवर एका माणसाने दोन तास डेरेकच्या हव्यासाचे विश्लेषण केले. गावात काचेवरचा आकडा पाहून लोक आता लूला विचारू लागले, की एवढे घेऊन तो बसतो कशाला. लूने उत्तर दिले नाही आणि आकडाही पुसला नाही.

शेवटच्या रविवारी लूच्या गाडीतून दोघे तीन तास प्रवास करून मैदानावर पोहोचले. पावसात बर्फ मिसळलेला होता. दुसऱ्या डावापर्यंत मैदानाचा चिखल झाला आणि घरच्या संघाचे पांढरे शर्ट ओळखू येईनासे झाले. नवा पोरगा चारदा आडवा पडला. दर वेळी डेरेक मैदानाच्या कडेच्या रेषेपर्यंत धावत जाई, त्याच्या कानाशी काहीतरी सांगे आणि मागे येऊन उभा राही. ते एमिलने पाहिले. बाकीच्या साठ हजारांना फक्त उभा राहिलेला डेरेक दिसला.

मागच्या रांगेतल्या एका लोकरी टोपीवाल्याने तिसऱ्या डावापासूनच तोंड सोडले होते. शेठ आज बँकेत जाऊन आले काय, चिखल परवडत नाही काय. लू दोनदा उठू लागला. दोन्ही वेळा एमिलने त्याच्या कोटाची बाही धरली.

संघ सामना हरला. खेळाडू हात मिळवायला मैदानाच्या मधोमध गेले, आणि डेरेकही कडेकडेने न जाता सरळ त्यांच्यात गेला. लाइनमधला एक धिप्पाड गडी, ज्याचा चेहराही चिखलाने झाकला होता, दोन्ही हातांनी त्याचे डोके धरून कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. मग दुसरा आला. मग तिसरा.

"बघा," टोपीवाला म्हणाला, "इस्त्रीसुद्धा मोडली नाही."

एमिल सावकाश वळला. आवाज चढला नाही; बॉयलरचा काटा वाचून दाखवावा तसा तो बोलला.

"तो माझा मुलगा."

एमिल पुन्हा मैदानाकडे वळून उभा राहिला, सगळे आत जाईपर्यंत. उजेड उतरला होता आणि नजर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती, पण तेवढ्या मळक्या शर्टांत तो एक पांढरा शोधावा लागत नव्हता.