ओळखीचं वजन

सलग चौथ्या दिवशी, सकाळी सात वाजता, कचरूच्या चपला समोरच्या निशाच्या दाराबाहेर दिसल्या आणि प्रेमलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला कशा, तर जोडीने, भिंतीला लावून. स्वतःच्या घरात एक दाराशी आणि दुसरी सोफ्याखाली. ती शोधायला प्रेमलाने कंबर मोडून वाकायचं. दुसऱ्याच्या दारात गेलं की बरं वळण आठवतं माणसाला!

हडपसरच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं. समोर निशा. चाळिशी उलटलेली, नवरा मस्कतला, ही घरात बसून कंपनीचं काम करणार. अंगाने मात्र कॉलेजातली पोरगी. कचरूला ती काका म्हणायची. हिच्या वयाच्या बाईने कुणाला काका म्हणावं याला काही नियम हवा, असं प्रेमलाचं मत होतं.

आता संशय म्हणावा तर आपला नवरा कचरू एकसष्टचा, डोक्यावर मोजून चार केस. पण मत्सराला अक्कल असती तर आणखी काय हवं होतं? तीस वर्षांत ज्याने आपल्याकडे धड मान वर करून बघितलं नाही, त्याला डोळे आहेत आणि ते समोरच्या घरात वापरले जातात, हे तिला खुपत होतं.

निशाकडे होतं तरी काय एवढं बघायला? एक वजनकाटा. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी प्रेमलाला साखर काठावर आहे, वजनावर लक्ष ठेवा, असं सांगितलं. ते ऐकून हैदराबादहून अभिनवचा, म्हणजे मुलाचा, फोन आला की आई, स्मार्ट काटा घेऊन टाक. नुसते पाय ठेवायचे, वजन, चरबी, सगळं फोनवर येतं, आणि कोण उभं राहिलंय तेही तो ओळखतो. निशाताईंकडे आहे बघ तसला. प्रेमलाने विषय तिथेच मिटवला. पैसे मोजून स्वतःचीच बदनामी विकत घ्यायची तिला हौस नव्हती.

बदनामी अशी की गेली बारा वर्षं प्रेमला सगळ्यांना वजन अठ्ठावन्न सांगत आली होती. विहारातल्या बायकांना अठ्ठावन्न, नणंदेला अठ्ठावन्न, घरात अठ्ठावन्न. दवाखान्यातला खरा कागद तिने तांदळाच्या डब्याखाली सारला होता. आणि नवऱ्याचा तर त्या अठ्ठावन्नावर पूर्ण विश्वास. गेल्या डिसेंबरात जिन्यात तिचा पाय मुरगळला, लिफ्ट बंद, तेव्हा कचरूने तिला दोन्ही हातांवर घेऊन तीन मजले चढवलं होतं. जड होतेय का हो, असं तिने विचारलं तर धापा टाकत म्हणाला, अठ्ठावन्न किलो म्हणजे काय जड, बटाट्याची गोणी तेवढीच भरते. माणूस भोळा आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

बरं, काट्याचं वेड त्याला नवं नव्हतं. मार्केट यार्डात पस्तीस वर्षं तो तोलणार म्हणून कामाला होता. कांद्या-बटाट्याच्या गोण्या काट्यावर घालायच्या आणि वजन पुकारायचं. रिटायर होऊन वर्ष झालं तरी खोड गेली नाही. नवा काटा दिसला की आधी त्यावर ओळखीचं वजन ठेवून बघायचं, मगच विश्वास. वाण्याच्या दुकानातसुद्धा मिठाची सीलबंद पुडी ठेवून तो काटा तपासायचा, आणि प्रेमला लाजेने रस्त्याकडे बघत उभी राहायची.

पण काटाच बघायचा तर टाचा कशाला घासायच्या? आदल्या दिवशी तो न्हाणीत बसून टाचा घासत होता. दगडाने! लग्नाच्या हळदीला जे पाय घासले गेले असतील ते असतील, त्यानंतर त्यांना पहिल्यांदाच दगड लागत होता. कुणासाठी, हे प्रेमलाने विचारलं नाही. दाताखाली जीभ धरून पोळ्या लाटल्या.

आणि आज त्याचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात चिठ्ठी. बारीक, नेटक्या आकड्यांत एकाखाली एक लिहिलेलं, ७१.४, ७१.३, ७१.४. हे त्याचं स्वतःचं. त्याखाली लिहिलं होतं, निशा ५४.२. आणि त्याखाली दोन रेघा.

प्रेमला बादलीपाशी बसूनच राहिली. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने आपलं वजन एकदा विचारलं नाही. एकदाही नाही. आणि तिचं लिहून ठेवलंय, तेसुद्धा दशांशासकट, खाली दोन रेघा मारून. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर राग आला.

कचरू परत आला, चहा प्यायला आणि भाजी आणायला गेला. तो जिना उतरल्याची खात्री करून प्रेमलाने पॅसेज ओलांडला. वाटेत चार वाक्यं तयार केली होती, एकेक अशी की निशाने पुन्हा मान वर केली नसती. पण दार उघडताच निशा म्हणाली, "या काकू! काका म्हणत होते तुम्ही काही येणार नाही," आणि चारही वाक्यं ती विसरली.

काटा बघायला आले, एवढंच ती म्हणाली. कोपऱ्यात काळ्या काचेची पाटी पडली होती. पाय मात्र कोरडे आणि स्वच्छ लागतात, नाहीतर चरबीचा आकडा येत नाही, असं निशा सांगू लागली. काकांचा तर पहिल्या दिवशी टाचांच्या भेगांमुळे आलाच नाही. प्रेमलाने ते ऐकलं आणि काट्यावर पाय ठेवले. होऊन जाऊ दे, म्हणाली मनात. चोपन्न पॉइंट दोनच्या पुढे आपण किती, ते एकदा कळू दे.

निशाचा फोन वाजला. तिने तो प्रेमलापुढे धरला. पडद्यावर आकडा होता ६४.३ आणि वर ठळक अक्षरांत नाव, प्रेमला.

"माझं नाव यात कसं?" प्रेमलाने विचारलं. "मी तर आज पहिल्यांदा चढले."

निशा सांगू लागली. नवीन माणसाचं नाव भरलं की हा काटा वय, उंची आणि अंदाजे वजन मागतो, त्यावरून पुढे ओळखतो. काका म्हणाले, काटा तिच्यासाठी घ्यायचाय, पण खरा की खोटा ते आधी बघायचं तर ओळखीचं वजन लागतं, आणि माझ्या ओळखीचं एकच आहे. मी विचारलं, काकूंचं किती लिहू? तर काकांनी डोळे मिटले, दोन्ही हात असे पुढे धरले आणि म्हणाले, चौसष्ट लिहा.

निशाने हात धरून दाखवले. तळवे वर, कोपरं अंगाशी. डिसेंबरात तीन मजले चढताना ते हात तसेच होते.

"माझं मात्र काका साफ चुकले हं," निशा हसत म्हणाली. "अठ्ठेचाळीस सांगितलं, निघालं चोपन्न. पस्तीस वर्षांत एवढी चूक झाली नाही म्हणाले, आणि चिठ्ठीवर लिहून रेघा मारल्या. उचलल्याशिवाय कसं कळणार, म्हणाले."

प्रेमला काट्यावरून उतरली. तिला एकदम हलकं वाटत होतं, पण चढून पुन्हा बघण्यात अर्थ नव्हता. काटा चांगला आहे, ती म्हणाली, पण आम्हाला घ्यायचा नाही. मग दाराशी जाऊन ती परत फिरली.

"निशाताई, तेवढी आमची दोन्ही नावं पुसून टाका त्यातून. दोन्ही. माझ्यासमोर."

नावं पुसली गेलेली बघूनच ती घरी आली.

तासाभराने कचरू भाजी घेऊन आला. एक चप्पल दाराशी राहिली, दुसरी सोफ्याखाली गेली. तो मेथीची जुडी पिशवीतून काढत असताना प्रेमला त्याच्यासमोर उभी राहिली.

"अहो, माझं वजन किती असेल?"

कचरूने मान वर केली. वरपासून खालपर्यंत तिला नीट बघितलं, घाई न करता.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला.

प्रेमलाने वाकून सोफ्याखालची चप्पल काढली आणि दाराशी दुसरीच्या शेजारी ठेवली.