मास्तरांच्या घरचं मटण

"कुठल्या भागाचं आहे हे?" बाबांनी घास गालात धरून विचारलं.

मास्तर गडबडले. सोयाबीनच्या वड्यांना कुठला भाग असणार? कांदा काळपट होईपर्यंत भाजून, मसाल्यात तासभर मुरवून, वर तेलाचा लाल तवंग आणून त्यांनी तो वाडगा बापापुढे ठेवला होता. रंग जमला, वास जमला. हा प्रश्न मात्र डोक्यातच आला नव्हता.

"मांडीचं," ते म्हणाले.

बाबांनी घास तोंडातून काढला, चिमटीत दाबून पाहिला. चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवलेला माणूस. घरातली माणसं ते विसरले होते, स्वतःचं नावही अधूनमधून विसरायचे, पण बोटं काही विसरली नव्हती. त्यांनी घास ताटाच्या कडेला ठेवला आणि ताट लांब सारलं.

"गिऱ्हाइकाला असं फसवू नये," ते शांतपणे म्हणाले. "नाही म्हणून सरळ सांगावं. नाही म्हटलं तर माणूस उद्या पुन्हा येतो. फसवला की येत नाही."

आणि खरंच, त्या दिवसापासून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. भात नाही, डाळ नाही, दूधसुद्धा नाही. चमचा ओठांशी नेला की मान भिंतीकडे. पाण्याचे चार घोट काय ते जायचे.

मास्तर म्हणजे योगाचे मास्तर. रोज सकाळी साडेसहाला त्यांच्या वर्गाला चाळीस माणसं सतरंज्या पसरून बसत. आसनं झाली की मास्तर पाच मिनिटं बोलत, आणि ती पाच मिनिटं फिरून फिरून ताटावरच येत. अहिंसा ही पहिली पायरी, आणि ती आपल्या ताटात असते, पुस्तकात नाही. जे खाताना दुसऱ्याचा जीव गेला, ते खाऊन आपलं मन कसं स्थिर होणार? एकदा एका बाईंनी विचारलं होतं, "मास्तर, पण आजारी माणसाला डॉक्टरांनीच सांगितलं तर?" मास्तर हसून म्हणाले होते, "औषधाच्या नावाखाली जिभेचे लाड नकोत, ताई." सगळा वर्ग हसला होता.

आणि त्या वाडग्याच्या आधी आठवडाभर डॉक्टरांनी त्यांनाच सांगितलं होतं. "वजन अडतीसवर आलंय. जे आवडतं ते द्या. जे मागतील ते." आणि बाबा तेव्हा रोज, अगदी रोज, एकच मागत होते: मटण.

अहिंसा मोडायची नाही, मग सत्याला थोडं बाजूला सारू, असा हिशेब मास्तरांनी केला होता. त्यांचा हेतू वाईट होता असं कोण म्हणेल? पण दोन्ही व्रतं एका वडीत शिजवायला गेले आणि हातात काहीच उरलं नाही.

"तुमचा नियम तुमच्यापाशी," चौथ्या दिवशी त्यांची बायको म्हणाली. "मी तुमच्यासाठी सोडलं, कधी चकार शब्द काढला नाही. पण त्यांनी कधी सोडलं होतं हो?"

"माझ्यामुळे एक जीव जायचा—"

"एक तर तसाही जातोय. तुमच्या डोळ्यांदेखत."

मास्तर पिशवी घेऊन उठले. बाजारात मटणाच्या रांगेत उभे राहिले, तेव्हा वर्गातले एक गृहस्थ मागे येऊन थांबले, त्यांना ओळखून दचकले आणि रांग सोडून निघून गेले. मास्तरांनी मान वर केली नाही. घरी आल्यावर बायको पुढे झाली, तशी म्हणाले, "नको. आपलं पाप आपल्याच हातानं झालेलं बरं." कच्चं मटण धुताना त्यांनी तोंड फिरवून घेतलं. तरी त्यांनी ते नीट शिजवलं, हाडापासून सुटेपर्यंत.

भर दुपारी ते वाडगा घेऊन बाबांच्या कॉटशेजारी जमिनीवर बसले. वासाने बाबा जागे झाले. मास्तरांच्या जिवात जीव आला.

"कुठल्या भागाचं?"

"मांडीचं. खरंच मांडीचं आहे, बाबा."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात." सकाळचं दुपारी न आठवणाऱ्या माणसाला एवढं मात्र बरोबर आठवत होतं. "आधी तुम्ही खा."

मटण सोडून सव्वीस वर्षं झाली होती. मास्तरांनी वाडग्याकडे पाहिलं, मग बापाच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे नुसती कातडी उरली होती. त्यांनी फोड उचलली, तोंडात घातली, चावली आणि गिळली. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं नाही.

बाबा टक लावून बघत होते. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"खा, खा," ते म्हणाले. "भुकेले दिसता. संकोच करू नका."

"आता तुम्ही घ्या ना, बाबा. एक घास. माझ्यासाठी."

"मला नको." बाबांनी हाताने वाडगा त्यांच्याकडे सारला. "आमचा मुलगा असाच भरल्या ताटावरून उठला होता. म्हणाला, तुमच्या हाताला रक्ताचा वास येतो. त्यानंतर आमच्या घरात कुणी असं पोटभर जेवलंच नाही. त्याची आई तर जेवायला बसायचीच नाही."

मास्तरांना वाटलं, आपण ओरडावं. पण ते नुसते पुटपुटले, "मीच तो, बाबा. मीच आहे."

बाबा हसले. कुणी परक्याने भलताच दावा करावा आणि आपण तो मनावर घेऊ नये, तसं हसले.

"छे हो. तो हे तोंडाला लावणार नाही. शब्दाचा पक्का आहे पोरगा." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "जीव गेला तरी नाही लावणार. तुम्ही खा निवांत. मी बसलोय."

दारात उभ्या असलेल्या बायकोने पदर तोंडाला लावला. मास्तर खात राहिले. ते खाताना बाबांचा चेहरा निवत होता, आणि मास्तर थांबले की बाबा बोटाने खूण करत होते: घ्या, अजून आहे. वाडगा रिकामा झाला. बाबांनी उशाचा पाण्याचा पेला उचलून मास्तरांपुढे धरला, आणि मास्तरांचं पिऊन होईपर्यंत थांबून, स्वतः काहीच न घेता, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.