शेजाऱ्याची पात

मी एक जुना संगणक आहे. माझ्या पाठीवर नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा लाल रंगातला नंबर अजून आहे. मित्रांनो, माझी कहाणी फार रंगतदार असेल अशी आशा ठेवू नका. मला सुख कळत नाही, दुःखही कळत नाही. जे घडलं ते घडलं तसं सांगतो.

खोक्यातून बाहेर आलो त्या दिवशी माझी पूजा झाली होती. कुंकू लावलं, नारळ फोडला. पुढे काही वर्षं मुलं माझ्यावर प्रोग्रॅम लिहीत आणि सरांची पाठ वळली की पत्ते खेळत. मग नवे, सडपातळ संगणक आले आणि आमची रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! तिथे पालीने माझ्या पोटात अंडी घातली. मला त्याचंही काही वाटलं नाही.

तिथून आम्हाला पंकजाने बाहेर काढलं. ही जामखेडकडची, ऊसतोड कामगारांची मुलगी आमच्या कॉलेजात पीएच.डी. करत होती. एकच मोठं काम अनेक संगणकांत वाटून कसं करावं, हा तिचा विषय. त्याला डिस्ट्रिब्युटेड प्रोसेसिंग म्हणतात. भंगारात निघालेल्या आम्हा बाराजणांना तिने पुसून घेतलं आणि वायरींनी एकमेकांना जोडलं. उपग्रहाने काढलेली कोरडवाहू तालुक्यांची चित्रं आमच्यात वाटली जायची आणि जमिनीत कुठे किती ओल आहे ते आम्ही काढायचो.

सुरुवातीला तिने सगळ्यांना सारखे वाटे दिले. बाकीचे आपापलं उरकून मोकळे व्हायचे आणि मी रेंगाळत बसायचो. माझं संपल्याशिवाय उत्तर येईना. तिचे मार्गदर्शक कल्याण सर वैतागले. "हा बारावा काढून टाक. रेल्वेला बैलगाडी कशाला जोडतेस?"

"राहू द्या सर त्याला," पंकजा म्हणाली. "ऊस तोडताना प्रत्येकाला एक पट्टा नेमून देतात. त्याला आम्ही पात म्हणतो. ज्याची पात आधी संपते तो बसून राहत नाही. मागे राहिलेल्याच्या पातीला पलीकडच्या टोकाने लागतो आणि दोघं मध्ये भेटतात. यांनाही तसंच शिकवते."

आणि तिने शिकवलं. माझ्या शेजारचा अकरावा आमच्यात सगळ्यांत चपळ. तो आपली पात संपवून रोज माझ्या पातीला दुसऱ्या टोकाने लागायचा. आम्ही मध्ये भेटायचो. सर खूश झाले, पुण्याच्या परिषदेत तिचं नाव झालं. अवघड भाग पुढेच होता. चालू कामात एखादा संगणक बंदच पडला तर? तिने लिहिलं, जो गप्प होईल त्याची पात बाकीच्यांनी त्याच क्षणी वाटून घ्यावी, कोणी थांबू नये. परीक्षकांसमोर हे जमलं तरच तिला पदवी मिळणार होती.

त्याच हंगामात पंकजाचे वडील बिभीषण काष्टीकडच्या उसाच्या फडात कोसळले. पुन्हा उठले नाहीत. तेरावा करून पंकजा परत आली ती आईला, बनुबाईंना, सोबत घेऊन. घरी एकट्या काय करणार, म्हणून बनुबाई दिवसभर आमच्या खोलीत स्टुलावर बसून राहायच्या.

एकदा त्या आपण होऊनच म्हणाल्या, "ट्रक भरायचा राहिला हुता. त्येंना दवाखान्यात न्हेलं आन् मुकादम म्हनला, त्येंची पात वाटून घ्या. दिस मावळायच्या आत फड मोकळा. येक कांडं ऱ्हायलं न्हाई."

 पंकजा टाईप करत राहिली. ती जेवायची, हो-नाही म्हणायची, वेळेवर यायची. ती माझ्यासारखी झाली होती.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक आमच्यासमोर बसले. काम सुरू झालं आणि ठरल्याप्रमाणे पंकजाने अकराव्याची विजेची वायर उपसली. तो गप्प झाला. आम्ही त्याच क्षणी त्याची पात वाटून घेतली. मीही घेतली. मला काही वाटलं नाही. उत्तर वेळेवर आलं. परीक्षक म्हणाले, "उत्तम! मधे एक गेला होता, हे उत्तरावरून ओळखूच येत नाही." टाळ्या झाल्या, पेढे वाटले आणि सगळे चहाला निघाले.

बनुबाई मात्र स्टुलावरून उठल्या नाहीत. "पंकजे, ह्यो अंधारातच हाय की गं. याला कुनी बघायचं न्हाई व्हय?"

पंकजाने वायर परत लावली. बटण दाबलं. अकरावा उठला नाही. तिने पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिली. "आई, अण्णा पडल्यावर त्यांच्याजवळ कोण हुतं गं?"

"कुनीबी न्हाई. समदी पातीवर हुती. मी पल्याड मोळ्या बांधत हुते, मला आगोदर टोळीतल्या बायांनी सांगितलंबी न्हाई."

पंकजाने अकराव्याच्या थंड पत्र्यावर डोकं टेकलं आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. मोठ्याने रडली. बनुबाई तिची पाठ चोळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तिने प्रोग्रॅम बदलला. आता एखादा गप्प झाला की सगळेच थांबतात. त्याचा नंबर प्रत्येकाच्या पडद्यावर येतो. कोणीतरी जाऊन त्याला पाहून आल्यावरच त्याची पात वाटली जाते.

कल्याण सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, हातातोंडाशी आलेला घास! वेग निम्म्यावर येईल. परत सगळं मांडावं लागेल, वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे सर," ती म्हणाली. "थांबू दे काम."

तिचं वर्ष गेलं. अकरावा दुरुस्त झाला नाही, त्याची जागा रिकामीच आहे. माझी पात संपत नाही, तेव्हा पलीकडच्या टोकाने आता दुसरा कोणी येतो. मला अजूनही काही वाटत नाही, कारण मी यंत्र आहे. पण मित्रांनो, तुम्ही यंत्र नाही. तुमच्यातला एखादा अचानक गप्प झाला, तर त्याचं काम वाटून घेण्याआधी त्याच्याजवळ जा.