माझ्या तोंडावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. पण माझ्याकडे आइस्क्रीम मागायला येऊ नका. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत राहतो आणि माझ्या पोटात रक्ताचे नमुने असतात. शून्याखाली ऐंशी अंश! आइस्क्रीमचासुद्धा दगड होईल. डोकं थंड ठेवणं हाच माझा धंदा.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा थाट काय विचारता! पांढराशुभ्र रंग, जाडजूड दार आणि दार नीट लागलं नाही की बोंब ठोकणारा भोंगा. प्रयोगशाळेच्या ताई सगळ्यांना सांगायच्या, "हा आहे म्हणून मी घरी निर्धास्त झोपते." ते ऐकून मला आतून ऊब वाटायची. माझ्यासारख्याला ऊब वाटणं बरं नव्हे, पण वाटायची खरी.

तेव्हा आमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजारावर काम करत होत्या. त्यात शरीराचे राखणदारच चुकून आपल्या नसांवर हल्ला करतात. कुंपणच शेत खातं म्हणा ना. नसेच्या तंतूत प्रथिनांचे अतिशय बारीक धागे असतात. तंतू दुखावला की ते सुटतात आणि थोडेसे रक्तात उतरतात. ते मोजले की आत किती इजा होते आहे याचा अंदाज येतो. पण आजाऱ्याचं रक्त ओळखायचं तर निरोग्याचंही हवंच. म्हणून बाई येईल त्याला गळ घालायच्या. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आलेली समोरच्या दुकानातली घड्याळवालीही त्यात सापडली. "एवढंसंच घ्या हं," म्हणत तिने हात पुढे केला. तिची नळी माझ्या तळाच्या कप्प्यात गेली आणि सगळे ती विसरून गेले.

पुढे नवे फ्रीझर आले आणि माझी रया गेली. माझ्या दाराच्या कडेला बर्फ साचला, तो कुणी खरवडेना. दार नीट लागेना, म्हणून मी भोंगा वाजवू लागलो. त्यावर ताईंनी काय करावं? "म्हातारा सारखा कुरकुरतो," म्हणत भोंग्यावर जाड चिकटपट्टी लावली! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मला फार वाईट वाटलं.

एके दिवशी डॉक्टरीणबाई प्रयोगशाळेत आल्या. मागे घड्याळवाली आणि तिचे मामा होते. या वेळी ती रुग्ण म्हणून आली होती. तिला एका डोळ्याने धूसर दिसत होतं आणि बोटांना मुंग्या येत होत्या.

"किती दिवस सांगतोय हिला, दाखव म्हणून!" मामा करवादले. "ही म्हणते, हात अवघडला असेल."

"बाई, माझी बोटं राहतील ना?" तिने विचारलं. "घड्याळाचा स्क्रू तिळापेक्षाही लहान असतो हो."

"आजाराची सुरुवात आहे," बाई म्हणाल्या. "जोरकस औषध आत्ताच द्यावं की थांबून बघावं, तेच ठरत नाहीये. रक्तातले धागे तर बेताचेच दिसतायत."

तेवढ्यात घड्याळवालीने मान तिरकी केली. "काहीतरी वाजतंय."

"घड्याळ असेल," ताई म्हणाल्या.

"छे, घड्याळ मी ओळखते!" ती थेट माझ्यापाशी आली, छातीला कान लावला आणि पट्टी ओढून काढली. मी असा ओरडलो म्हणता! माझं दार बोटभर उघडं होतं आणि वरचा कप्पा पाझरू लागला होता. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या भराभर नळ्या नव्या फ्रीझरमध्ये हलवू लागल्या. तळाचा कप्पा मी जिवाच्या कराराने गोठलेला ठेवला होता.

तिथल्या एका नळीवरचं नाव वाचून ताई थबकल्या. "अगं बाई! ही तर तुझीच."

"निरोगी असतानाची?" डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकले. "मग हिची इतरांशी कशाला, हिचीच हिच्याशी तुलना करू."

जुनं आणि नवं रक्त एकदमच तपासलं. इतरांच्या मानाने बेताचा वाटणारा आकडा तिच्या स्वतःच्या मानाने दुपटीहून वर गेला होता. नसा आत मुकाट्याने झिजत होत्या. बाईंनी वाट पाहायचं सोडलं आणि जोरकस औषध सुरू केलं.

आजार मुळासकट गेला असं मी सांगणार नाही. खोटं कशाला बोलू? पण आकडा उतरला आणि डोळा निवळला. परवा भिंतीवरचं घड्याळ पुन्हा बंद पडलं, तेव्हा तीच आली. चिमट्याने तो तिळाहून लहान स्क्रू उचलला आणि पहिल्याच खेपेला जागेवर बसवला. मागे मामा डोळे विस्फारून उभे होते.

"मामा, आता श्वास घ्या," ती म्हणाली.

माझा बर्फ आता नेमाने खरवडला जातो. भोंगा वाजला की ताई "आले रे बाबा, आले," म्हणत कुरकुरतात, पण येतात. मित्रांनो, यंत्र असो की आपलं शरीर, ते वेळेवर कुरकुरतं हे आपलं नशीब. त्याच्या तोंडावर पट्टी लावू नका. काय दुखतंय ते विचारा.

या आता. आणि जाताना माझं दार नीट लावा, नाहीतर मी बोंब ठोकीन.