अनुभवाचे दोन शब्द

आमचे हे खुर्च्या-सोफ्यांची कुशनं भरायचे. तोंडात पाच-सहा चुका, म्हणजे बारीक खिळे, धरायच्या, एकेक चूक जिभेनं पुढं सारायची आणि हातोडीच्या एका ठोक्यात लाकडात बसवायची. नवं गिऱ्हाईक बघत उभं राहिलं, की चुका हातावर काढून म्हणायचे, "आमच्या धंद्यात चुका किलोवर मिळतात, वेगळ्या कराव्या लागत नाहीत." वीस वर्षं हाच विनोद. मी शिलाई मशीनवर कव्हरं शिवता शिवता दरवेळी नव्यानं ऐकल्यासारखी हसायचे.

दुकान म्हणजे एकच खोली. एक सोफा आत घेतला की दुसरा बाहेर पायरीशी. पण भागत होतं. मुलीची फी वेळेवर जायची, सासूबाईंची औषधं यायची, आणि महिनाअखेरीला कुणापुढं हात पसरावा लागत नव्हता.

मग बाजारातल्या छोट्या दुकानांसाठी निधी निघाला. थोडे पैसे पालिकेचे, थोडे देणगीदारांचे, थोडे बाजारातल्याच मोठ्या दुकानदारांनी घातलेले. निम्मी रक्कम बिनव्याजी कर्ज, निम्मी अनुदान. अनुदानही दोन भागांत: पहिला लगेच, दुसरा वर्षानंतर, धंद्यात वाढ दिसली तर. कागदावर तोच शब्द होता, वाढ. किती आणि कसली ते काही लिहिलं नव्हतं.

आम्ही घेतलं. मागच्या रस्त्यावर पत्र्याची मोठी शेड भाड्यानं घेतली, हवेवर चालणारी स्टेपलची गन आणली, दोन कारागीर ठेवले. ह्यांच्या तोंडातल्या चुका गेल्या. पहिले चार महिने हे शेडमध्ये नुसते इकडून तिकडे चालायचे. म्हणायचे, "बघ गं, हात पसरले तरी भिंतीला लागत नाहीत."

पाचव्या महिन्यात गावाबाहेर एका कंपनीचं मोठं दुकान उघडलं. आम्ही जुन्या सोफ्याला नवं कापड चढवायला जेवढे घ्यायचो, तेवढ्यात तिथं अख्खा नवा सोफा मिळायला लागला. तीन वर्षांत मोडेल असा, पण नवा. आणि आमची जी जुनी गिऱ्हाइकं होती, एक खुर्ची, दोन उशा असलं काम आणणारी, ती शेडच्या दारातूनच परत जायची. "आता तुम्ही मोठे झालात हो, आमचं किरकोळ काम कशाला घ्याल?" हे हातातलं टाकून त्यांच्या मागं धावायचे. "अहो, किरकोळच द्या! तेच तर हवंय!" लोकांना ती चेष्टा वाटायची.

वर्ष भरत आलं तेव्हा एक कारागीर कमी केला होता आणि दुसऱ्याचा पगार दोन महिने थकला होता. तशात निधीच्या मॅडम आल्या. चांगली बाई. कुठल्याही दुकानात गेली तरी आधी घरच्यांची चौकशी करणारी. म्हणाल्या, "नव्या अर्जदारांची सभा आहे. दादांनी अनुभवाचे दोन शब्द बोलावेत अशी सगळ्यांची इच्छा आहे." आणि निघताना पर्स सावरत सहज म्हणाल्या, "हो, तुमच्या दुसऱ्या भागाची फाईल माझ्याच टेबलावर आहे बरं का."

त्यांच्या मनात काही नसेल. पण आम्हाला जे ऐकू यायचं ते आलं.

मॅडम दिसेनाशा झाल्यावर हे म्हणाले, "मी नाही जाणार. काय बोलू तिथं? शेडचं भाडं थकलंय ते सांगू?"

"ते कशाला सांगायचं?" मी म्हणाले. "पाच मिनिटं चांगलं बोला आणि खाली बसा. आपले पैसे येऊ देत. मग बोला की खरं जन्मभर."

"आणि माझं ऐकून कुणी उडी घेतली तर?"

"लोक काय कुकुलं बाळ आहेत? ज्याचं त्याला कळतं."

हे माझं वाक्य. दुसऱ्या कुणाचं नाही.

सभेला चाळीसेक माणसं होती. हे सुरुवातीला अडखळले, मग माझ्याकडे बघितलं आणि सुरू झाले. बोलायला ते मुळात गोड. शेड किती मोठी, गन किती भराभर चालते, हाताखाली माणसं असली की कसं बळ येतं, सगळं सांगितलं. चुकांचा विनोदही केला. लोक खळखळून हसले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून चेनवाली उठली. बाजाराच्या इमारतीत जिन्याखाली बसायची. बॅगांच्या चेना, छत्र्यांच्या काड्या, पर्सचे पट्टे दुरुस्त करायची. त्या जागेला भाडं नव्हतं; रखवालदाराची बॅग फुकट शिवून दिली की झालं. नवरा पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला. सगळं हिच्याच दोन हातांवर.

म्हणाली, "दादा, भाषण छान झालं, पण मला एकच सांगा. मी तुमची सख्खी बहीण असते, तर 'हे पैसे घे' म्हणाला असतात?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला नीट कळलं होतं. ते परवानगी मागत होते, खरं बोलायची. मी मान हलवली. पुढं रेटणारी, 'घे म्हणा' अशी.

"घे," हे म्हणाले. "बिनधास्त घे."

आठवड्याभरात आमचा दुसरा भाग आला. थकलेलं भाडं आणि कारागिराचा पगार यातच तो संपला.

चेनवालीनं आमच्या घरच्या वाटेवर काचेच्या दाराचं दुकान घेतलं. जाड कापड शिवणारं मशीन आणलं. जिन्याखालची जागा सोडली, तर चौथ्या दिवशी तिथं मोबाइलची कव्हरं विकणारा बसला. पहिल्या सकाळी ती मला हाताला धरून घेऊन गेली. "वहिनी, बोर्ड सरळ लागलाय ना? दादांना म्हणावं, पहिली बॅग तुमचीच, फुकटात."

पण तुटकी चेन घेऊन काचेचं दार ढकलायला माणूस बिचकतं. जाता-येता जिन्याशी थांबणं वेगळं. ती दिवसभर आत बसलेली दिसायची, हातात फडकं, काच पुसत. हे दिसले की बाहेर यायची. "दादा, तुम्हाला जम बसायला किती महिने लागले?" हे काहीतरी पुटपुटायचे. नंतर नंतर त्यांनी तो रस्ताच सोडला. लांबचा वळसा घेऊन घरी यायला लागले.

आमची शेड पुढच्या दोन महिन्यांत गेली. गन विकली. जुनी खोली मालकानं आधीच दुसऱ्याला दिली होती. बाजारात मी सांगितलं, कंपनीचं मोठं काम मिळालं म्हणून शेड सोडली. हे आता त्याच कंपनीच्या गोदामात तयार सोफ्यांना पाय बसवतात. दिवसाला साठ सोफे, म्हणजे दोनशे चाळीस पाय. घरी येऊन बोलत नाहीत. मीही विचारत नाही. निधीचा हप्ता पगारातून जातो.

चेनवालीच्या दुकानाला वर्षाच्या आत कुलूप लागलं. ती कुठं गेली कुणाला माहीत नव्हतं, किंवा मी विचारलं नाही. सासूबाईंना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले, तेव्हा ती व्हरांड्यात फरशी पुसताना दिसली. मला वाटलं तोंड फिरवेल. उलट बादली ठेवून हसतच आली. सासूबाईंच्या पाया पडली.

"दादा कसे आहेत? त्यांना सांगू नका हं मी इथं दिसले म्हणून. मला लाज वाटते. एवढा मोकळा सल्ला दिला, आणि मला तेवढंही जमलं नाही. घरात रोज तेच ऐकते, तुझ्यात धमकच नाही. खरंच आहे ते."

मला राहवलं नाही. तिला खिडकीशी नेलं आणि सगळं सांगून टाकलं. थकलेलं भाडं, बुडालेला धंदा, मॅडमची फाईल, सभेत ह्यांची नजर आणि माझी मान. सांगताना मी रडले. वाटलं, ती चिडेल, चार लोकांत वाट्टेल ते बोलेल, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरेल.

ती चिडली नाही.

"हे आत्ता कशाला सांगितलंत, वहिनी?" ती म्हणाली. "मला वाटत होतं, माझं चुकलं. काचेचं दार नको होतं, बोर्ड लहान हवा होता. रोज इथं पुसता पुसता हिशोब लावायचे, पुढच्या वेळी काय काय नीट करायचं. दादांना जमलं म्हणजे जमतं, एवढं धरून होते. आता काय धरू?"

आतून सासूबाईंचा नंबर पुकारला.

"जा," ती म्हणाली. "आई खोळंबल्यात."

तपासणीला अर्धा तास लागला. बाहेर आले तर व्हरांडा वाळला होता आणि दुसरीच बाई कठड्याच्या जाळ्या झाडत होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "ती होय? वरच्या मजल्याची पाळी बदलून मागितली तिनं आत्ताच. तिथं पेशंटचे नातेवाईक येत नाहीत."

सासूबाईंनी माझा दंड धरला. आम्ही हळूहळू पायऱ्या उतरायला लागलो.