धर्मराजचा बोलका लॅपटॉप

नवीन जालन्यात स्टेशनजवळ धर्मराजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. शुगरनं त्याचे दोन्ही डोळे गेले आणि दुकानाचं शटर खाली आलं ते खालीच राहिलं.

घरी बसून तो चिडचिडा झाला. बोलणारा फोन होता, पण गुळगुळीत काचेवर बोटं फिरवून काम करणं त्याला जमेना. सगळं आयुष्य कीबोर्डवर गेलेलं. त्यानं बायकोला, दैवशालाला, माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढायला लावला. स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यात टाकून पाहिला, पण मशीन एका शब्दाला इतका वेळ घेई की पुढचा शब्द येईपर्यंत मागचा विसरायला व्हायचं.

एका दुपारी तो म्हणाला, "विंडो, रंग, चित्रं, ह्या समद्याचं वजन मशीन उचलून राह्यली. मला दिसतच न्हाई, मंग ते ठेवायचं कशाला? नुसती अक्षरं अन् आवाज ठेवू."

त्याचा जुना दोस्त आदिनाथ यानं विंडोजच्या जागी चालणारं तसलं हलकं लिनक्स पेनड्राइव्हवर आणून दिलं. तोच बसवूनही देणार होता, पण धर्मराजनं नको म्हटलं. आवाज सगळं बसवून झाल्यावरच सुरू होणार होता, तोवर स्क्रीन दैवशालानं वाचायची ठरली. ती दहावी शिकलेली. इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचायची आणि तो पुढचं बटण सांगायचा. ठीक चाललं होतं. मध्येच ती थांबली.

"इरेज म्हंजे पुसणंच ना?"

"हां. दाब यस."

"ह्यात आपल्या शिवकन्याचे लहानपणचे फोटो हायेत."

"असतील. मला काय उपयोग त्यायचा?"

"तुम्हाला न्हाई दिसत. मला दिसतात की."

धर्मराजनं मशीन बंद करायला सांगितलं. दुसऱ्या पेनड्राइव्हवर लेकीचे फोटो उतरवताना दैवशाला एकेक उघडून बघत होती. आधी तो घाई करत होता, नंतर त्यानंच विचारलं, यात कोण आहे, त्यात कोण आहे. भोकरदनला मामाच्या मळ्यात शिवकन्या शेळीवर बसायला बघते आहे, अंगात पिवळा फ्रॉक आहे, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, नारंगी होता, मीच घेतला होता. तिनं पुन्हा निरखून पाहिलं. नारंगीच होता.

दुसऱ्या दिवशी लिनक्स बसलं. आवाज मात्र येईना. धर्मराजनं अंदाजानं आज्ञा टाइप केल्या, चुकला, पुन्हा केल्या आणि मशीन बोलली. आवाज सपाट होता, सर्दी झालेल्या माणसासारखा, पण बोट पडताच अक्षर ऐकू येत होतं. त्यानं आवाजाचा वेग वाढवत नेला. शेवटी दैवशालाला त्यातलं काहीच कळेना.

"आता माझं काम संपलं म्हणा," ती म्हणाली.

"अन् स्क्रू कोण खोलणार?"

त्यानं दुकान उघडायचं मनात घेतलं होतं, हे तिला तेव्हा समजलं. तिला भीती वाटली, पण तिनं शटरची किल्ली शोधून ठेवली.

दुकान सुरू झालं. मालक आंधळा आहे हे पाहून काही गिऱ्हाइकं पायरीवरूनच परतली. तो दिवस धर्मराजला जड गेला. मग राधेश्याम नावाचा बियाणं विक्रेता आपला जुना, रखडणारा कॉम्प्युटर घेऊन आला आणि दैवशालाला तक्रार सांगू लागला. तिनं त्याला नवऱ्याशी बोलायला सांगितलं. धर्मराजनं ऐकून घेतलं, राधेश्याम मशीनवर काय काय काम करतो ते विचारलं आणि साफ सांगितलं, "ह्यात हलकं लिनक्स टाकून देतो. बिलं जल्दी निघतील. व्हिडिओ बघायचे तर फोनवर बघा."

राधेश्यामनं जरा विचार केला आणि मशीन ठेवून गेला. दैवशालानं झाकण उघडलं, धूळ झटकली. पुढचं धर्मराजनं सांगायला सुरुवात केली.